लग्नानंतर थांबलेले सूर्यनमस्कार

२१ जून जवळ आला की आमच्या गावात सतरंज्या धुवायला निघतात. शाळेच्या पटांगणात मांडव पडतो, माईक 'हॅलो हॅलो' करायला लागतो, पांढरे टी-शर्ट वाटले जातात. आम्ही बचत गटाच्या बायका साडीवरच टी-शर्ट चढवून पहिल्या रांगेत. पहिल्या रांगेत का? तर फोटोत महिला दिसायला हव्यात म्हणून! हात वर, फोटो. हात खाली, फोटो. पाऊण तासात सगळं आटोपतं, हातात केळं आणि राजगिऱ्याचा लाडू पडतो आणि साडेसातला आम्ही परत आपापल्या ओट्यापाशी. २२ जूनला त्या पटांगणात कोण असतं? शाळेची पोरं आणि दोन कुत्री.

मी टिंगल करत नाहीये हं. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये हा दिवस जाहीर केला, २०१५ पासून तो जगभर साजरा होतोय, आणि त्या निमित्तानं का होईना आमच्यातल्या कितीतरी जणींनी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत हात डोक्यावर नेले. ते काही थोडं नाही. पण दरवर्षी तो लाडू खाताना माझ्या मनात एकच येतं, की उरलेल्या ३६४ दिवसांचं काय?

असं मनात आलं की मला माझी आजी आठवते.

आजी माहेरची औंधची. आमच्या खटाव तालुक्यातलं यमाईचं औंध. डोंगरावर देवीला जाताना वाटेत जे संग्रहालय लागतं, राजा रविवर्म्याची चित्रं असलेलं, ते ज्यांनी उभारलं त्या राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींना दोन वेडं होती. एक चित्रांचं आणि दुसरं सूर्यनमस्कारांचं. स्वतः रोज पहाटे नमस्कार घालायचे आणि संस्थानातल्या शाळांमध्येही त्यांनी ते सुरू केले. इंग्रजीत त्यावर पुस्तक लिहिलं, ते १९३८ साली विलायतेपर्यंत पोचलं. आणि विशेष म्हणजे बायकांनीही नमस्कार घालायला हवेत असं ते आग्रहानं सांगायचे. त्या काळात!

आजी तिसरीपर्यंत त्या शाळेत होती. ती सांगायची, "आम्ही परकराचा काचा मारायचो आन् एका दमात पंचवीस घालायचो. मास्तर मोजायचे." सांगताना तिचा चेहरा असा काही उजळायचा की बस. मी एकदा विचारलं, "मग नंतर गं?"

"नंतर काय? लगीन झालं."

एवढंच. पुढे काही नाही. मी तेव्हा कॉलेजात होते, मला त्यात काही विशेष वाटलंही नाही. तेराव्या वर्षी लग्न झालं, पंचवीस नमस्कार थांबले, सात बाळंतपणं झाली आणि साठीच्या आत आजी कमरेतून वाकली ती शेवटपर्यंत वाकलेलीच राहिली. तिला खोकला आला की ती चटकन पायावर पाय टाकून उभी राहायची. ती तसं का करायची हे मला कळायला माझी पंचेचाळिशी उजाडावी लागली.

माझं तरी काय वेगळं झालं? बी.ए.ला असताना राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रोज सकाळी आसनं असायची. धनुरासन माझं एवढं छान व्हायचं की बाई सगळ्यांना माझ्याकडे बघायला सांगायच्या. २००१ मध्ये लग्न झालं. सासरी कोणी 'करू नकोस' म्हटलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण कोणी 'कर' असंही म्हटलं नाही. आणि कुठं करणार? माजघरात सासरे, पडवीत येणारे-जाणारे, आमच्या खोलीत कपाट आणि कॉट यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस चालेल एवढी जागा. मग दोन मुलं, सासऱ्यांचं आजारपण, बचत गट, हिशोब, मीटिंगा. धनुरासन कधी सुटलं ते कळलंसुद्धा नाही.

चाळिशीच्या तोंडावर कंबर धरली. सकाळी उठून बसायचं तर आधी कुशीवर वळा, मग हाताचा टेकू द्या, मग 'आई गं' म्हणा. एक्स-रे काढला, त्यात काही सापडलं नाही. डॉक्टरांनी साताऱ्याला एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. जेमतेम पंचविशीतली मुलगी. तिनं विचारलं, "काकू, व्यायाम काय करता?"

मी ताठ मानेनं सांगितलं, "घरातलं सगळं मी करते. धुणं, भांडी, केर, फरशी. बाई ठेवलेली नाही."

"ते काम झालं. व्यायाम कधी करता?"

मला रागच आला तिचा. हिला काय कळणार संसार! पण एसटीत बसल्यावर तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. कारण मीच आजवर दहा जणींना सांगितलं होतं, 'आपल्याला कशाला हवा वेगळा व्यायाम, घरकामात काय कमी होतो?' तुम्हीही म्हटलं असेल. आपल्या आयांनीही म्हटलेलं आहे. आणि खरं सांगू का, या एका वाक्यानं आपलं जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्या सासूनंही केलं नसेल.

केंद्र सरकारनं २०२४ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. देशातली घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवते. पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे आपली जवळजवळ पाच तासांची हालचाल होतेच, ती काही वाया जात नाही. पण ती हालचाल कशी असते ते बघा. ओट्याशी उभं राहून पुढे झुकायचं. केर काढताना पुढे वाकायचं. धुणं आपटताना पुढे. फरशी पुसताना पुढे. दिवसभरात मागं वाकायची वेळ किती वेळा येते? कडी लावायला हात वर जातात तेवढेच. पोळी लाटायला तोच उजवा हात, कळशी घ्यायला तीच डावी कंबर. शरीराचा एक भाग राबून राबून थकतो आणि दुसरा वापरच नसल्यानं लुळा पडतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं दमसास वाढवणारा व्यायाम सांगते आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा. हे 'त्याशिवाय' आपण कधी करतच नाही. त्यातून चाळिशीनंतर पाळी जायच्या सुमाराला हाडं ठिसूळ व्हायला लागतात, तेव्हा तर त्याची फारच गरज असते.

तर त्या मुलीनं मला काही प्रकार शिकवले आणि म्हणाली, "याला पिलाटीज म्हणतात." घरी येऊन सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "हा कुठला पुलाव आता?"

पिलाटीज हे एका माणसाचं आडनाव आहे. जोसेफ पिलाटीज. १८८३ साली जर्मनीत जन्मला. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी पिडलेलं किडकिडीत पोर. त्यानं स्वतःच्या शरीरावरच मेहनत घेतली. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये होता. जर्मन म्हणून इंग्रजांनी त्याला छावणीत डांबलं. तिथं त्यानं बरोबरच्या कैद्यांकडून जमिनीवरचे व्यायाम करून घेतले. आजारी माणसांना पडल्या पडल्या हातपाय हलवता यावेत म्हणून त्यानं खाटांना स्प्रिंगा लावल्या असंही सांगतात. पुढे अमेरिकेत न्यूयॉर्कला जाऊन बायकोच्या, क्लाराच्या साथीनं त्यानं व्यायामशाळा काढली. नाचणारे कलावंत दुखापत झाली की त्याच्याकडे धावायचे. तो स्वतः या व्यायामाला 'कंट्रोलॉजी' म्हणायचा, म्हणजे शरीरावर ताबा मिळवायचं शास्त्र. १९६७ मध्ये तो वारला.

हे सगळं मी एवढ्याचसाठी सांगतेय की आज पिलाटीज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती आरशांची भिंत, स्प्रिंगांचं मोठं यंत्र आणि सिनेमातल्या सडपातळ नट्या. पुण्या-मुंबईत त्याची फी ऐकली तर आपल्या गटाचा महिन्याचा हप्ता निघेल! पण मुळात ते एका आजारी पोरानं शोधलेलं आणि छावणीत पडलेल्या माणसांच्या उपयोगी आलेलं काम आहे. त्याचे जमिनीवरचे प्रकार करायला यंत्र लागत नाही.

आणि शिकता शिकता मला गंमत वाटायला लागली. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, कंबर हळूहळू उचला. ती म्हणाली 'ब्रिज', मी म्हटलं अगं हे तर आमचं सेतुबंधासन! फरक एवढाच, की आसनात आपण वर जाऊन थांबतो, श्वास संथ ठेवतो. यात पाठीचा एकेक मणका उचलत वर जायचं आणि एकेक टेकवत खाली यायचं, पुन्हा पुन्हा, आणि पोटाच्या आतल्या स्नायूंवर लक्ष ठेवायचं. मला विचाराल तर यात थोरला कोण, धाकटा कोण हा वाद घालण्यात काही अर्थ नाही. 'आपलं ते सोडून परक्याचं कशाला' असं आमच्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले. त्यांना मी विचारलं, "तुम्ही आपलं तरी करता का?" विषय संपला.

मला खरा उपयोग कशाचा झाला असेल तर एका अगदी साध्या गोष्टीचा. जोर लावताना श्वास सोडायचा. बस. पाण्यानं भरलेली बादली उचलताना, गॅसची टाकी सरकवताना, नातवंडाला कडेवर घेताना आपण काय करतो? श्वास रोखतो, दात आवळतो आणि उचलतो. तो सगळा दाब जातो खाली, ओटीपोटावर आणि त्याच्याही खाली. त्याऐवजी आधी गुडघ्यात वाका, वस्तू अंगाजवळ घ्या, श्वास सोडत पोट जरा आत घ्या आणि मग उचला. कणीक मळतानाही दाब देताना श्वास बाहेर. जमिनीवरून उठताना श्वास बाहेर. याला वेळ लागत नाही, जागा लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. पहिले पंधरा दिवस आठवणच राहायची नाही. मी पाण्याच्या पिंपावर खडूनं 'श्वास' असं लिहून ठेवलं होतं. आमचे हे म्हणायचे, "लोक 'शुभ लाभ' लिहितात, तू श्वास लिही!"

कंबर तीन-चार महिन्यांत सुधारली. पूर्ण बरी झाली असं नाही म्हणणार, थंडीत अजून कुरकुरते. पण 'आई गं' बंद झालं.

मग आपल्याला मिळालं ते चार जणींना द्यावं म्हणून गेल्या योगदिनानंतर मी समाजमंदिरात रोज सकाळी सहाचा वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी ४३ जणी. मी हवेतच! आठ दिवसांनी वीस. महिन्यानं सहा. त्या सहांत एक मी आणि एक माझी जाऊ.

समाजकार्य करणाऱ्या बाईला अशा वेळी राग येतो, मलाही आला. 'बायकांनाच नको असतं' हे वाक्य ओठावर आलं होतं. पण ते गिळून मी घरोघर गेले. सहा वाजता नळाला पाणी येतं, हे मला सुचलं नव्हतं, कारण आमच्याकडे बोअर आहे. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "सकाळी सकाळी हातपाय ताणायला कुठं निघाली महाराणी, असं लोक विचारतात." एकीला ड्रेस घालायची चोरी, आणि साडीत पाय वर कसे करायचे? शेजारच्या पारावर पुरुष बसतात, समाजमंदिराच्या खिडक्यांना पडदे नाहीत. सगळी कारणं खरी होती. पण पिठाच्या गिरणीवाल्या काकूंनी मला आत, स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि खाली मान घालून म्हणाल्या, "ताई, उडी मारून पाय मागं घ्यायला सांगता ना, तेव्हा माझं... थेंब थेंब होतं. मग तशीच बसून राहते शेवटपर्यंत. त्यापेक्षा नकोच ते."

मला एकदम आजी आठवली. खोकला आला की पायावर पाय टाकून उभी राहणारी.

आणि मैत्रिणींनो, आता माझंही सांगते. धाकट्याच्या बाळंतपणापासून मलाही तो त्रास होता. हसताना, शिंकताना. लांबच्या प्रवासाला निघताना मी सकाळपासून पाणी पीत नसे. सोळा वर्षं! नवऱ्याला नाही, आईला नाही, त्या फिजिओच्या मुलीलासुद्धा पहिल्या तीन खेपांना सांगितलं नव्हतं. आणि मी गावात महिलांच्या आरोग्यावर भाषणं देते!

त्या दिवशी काकूंना मी 'मलाही होतं' म्हटलं आणि पुढच्या आठवड्यात मी ज्या ज्या घरी दार लोटून हा विषय काढला, तिथं तिथं निम्म्याहून जास्त जणी 'हो' म्हणाल्या. एक जण तर तिशीतली. 'बाईच्या जातीला हे असायचंच' हे प्रत्येकीचं पुढचं वाक्य.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत बायकांची तपासणी केली होती. १९८९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ९२ टक्के बायकांना स्त्रियांच्या आजारांपैकी काही ना काही होतंच आणि त्यासाठी आधी कधी तपासून घेतलेल्या फक्त ८ टक्के. त्याला साडेतीन दशकं उलटून गेली. आता गावोगाव आशाताई आहेत, ग्रामीण रुग्णालयं आहेत, हातात मोबाईल आहेत. तरी गिरणीवाल्या काकूंना दार लोटावं लागलंच.

यात लाजण्यासारखं काय आहे? कमरेच्या हाडांच्या खाली, झोळीसारखे बांधलेले स्नायू असतात. मूत्राशय, गर्भाशय, आतड्याचा शेवटचा भाग हे सगळं त्यांनी तोललेलं असतं. बाळंतपणात ते ताणले जातात. मग वर्षानुवर्षं श्वास रोखून उचललेले हंडे, जुना खोकला, शौचाला कुंथणं, वाढलेलं वजन आणि पाळी गेल्यानंतरचा सैलपणा. हात-पायांच्या स्नायूंसारखेच तेही स्नायूच आहेत, म्हणजे सराव दिला की बळकट होतात. डॉ. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञानं १९४८ मध्ये यासाठीचा व्यायाम मांडला. योगात मूलबंध म्हणतात तो याच्याच जवळचा. पिलाटीजमध्येही पोटाच्या खोल स्नायूंबरोबर यांनाच कामाला लावतात. मला हसू येतं, तिघं तीन वाटांनी आले आणि एकाच दाराशी थांबले. आणि नेमकं तेच दार आपण बायकांनी सोळा सोळा वर्षं लावून घेतलेलं!

त्या फिजिओ मुलीला मग मी मुद्दाम आमच्याकडे बोलावलं. तिनं दाखवलं ते असं. गुडघे दुमडून उताणं झोपायचं. श्वास घ्यायचा. सोडताना, लघवी आणि वारा दोन्ही एकदम अडवायचे आहेत अशा कल्पनेनं आतून वर ओढायचं. मांड्या, पार्श्वभाग आवळायचा नाही, श्वास रोखायचा नाही. पाच अंक मोजायचे, जमत नसेल तर दोनच. मग पूर्ण सैल सोडायचं. सोडणंही ओढण्याइतकंच महत्त्वाचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सवय झाल्यावर बसून, उभं राहून, कुकरच्या शिट्टीची वाट बघतानासुद्धा करता येतं, समोरच्याला पत्ताही लागत नाही. शिंक येणार असं वाटलं की आधी ओढून घ्यायचं. लघवी करताना मधेच थांबवून मात्र सराव करायचा नाही. आणि आठ दिवसांत गुण येत नाही, किमान तीन महिने धरायचे.

एक मात्र कळकळीनं सांगते. खाली काही उतरल्यासारखं, अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल, लघवीत रक्त असेल, जळजळ असेल, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं असेल तर आधी डॉक्टर. व्यायामानं सगळं बरं होतं असं सांगणाऱ्यांपासून दोन हात लांबच राहा. योगानं अमका रोग मुळासकट जातो असं छातीठोक सांगणारे लोक आपल्या गावांत कमी नाहीत. आमच्याच गटातल्या एकीनं रक्तदाब असताना टीव्हीवर बघून जोरजोरात कपालभाती केली आणि घेरी येऊन पडली. उच्च रक्तदाब, हर्निया, गरोदरपण यांत कपालभाती करू नये हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्यांचं अंग सैल आहे त्यांनी पोटावर एकदम जोर येणारे प्रकारही नंतर, तेही विचारूनच करावेत. सिझेरियन झालेल्या मुलींनी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घाई करू नये.

वर्गाचं मग आम्ही पार बदलून टाकलं. सकाळऐवजी दुपारी साडेतीन. त्या वेळी नळ नसतो, नवरे कामावर असतात आणि मालिकांच्या पुनःप्रक्षेपणाखेरीज काही बुडत नाही. खिडक्यांना जुन्या साड्यांचे पडदे लावले. मॅटची कटकट नको म्हणून घोंगडी. आमच्याकडे घरटी एक तरी घोंगडी असतेच, आणि ती फरशीवर सतरंजीसारखी सरकत नाही. टोचते खरी, वर चादर टाकायची. गुडघेदुखीवाल्यांसाठी प्लॅस्टिकच्या नव्हे, लोखंडी घडीच्या खुर्च्या. खुर्ची, भिंत, दोरी, उशी यांचा आधार घेऊन आसनं करायची ही पद्धत पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी जगभर नेली. त्यांची मुलगी गीता अय्यंगार यांनी तर खास बायकांसाठी पुस्तक लिहिलं, पाळीच्या दिवसांत काय करावं, काय टाळावं, गरोदरपणात काय. २०१८ च्या डिसेंबरात त्या गेल्या. पुणं आमच्यापासून एवढं जवळ, आणि आम्हाला खुर्चीचा उपयोग सुचायला इतकी वर्षं लागली.

उडी मारून नमस्कार घालणं बंद केलं. एकेक पाय मागं. सावकाश. दिवसाला सहा नमस्कार, ब्रिज, मांजरासारखी पाठ वर-खाली, कुशीवर झोपून पाय उचलणं, आतून ओढण्याचा तो व्यायाम आणि शेवटी शवासन. शवासनात दोघी-तिघी घोरतात. पहिल्यांदा बाकीच्या हसल्या. आता हसत नाहीत. भरदुपारी, कुणी हाक मारणार नाही अशा जागी पाच मिनिटं उताणं पडायला मिळणं याचं मोल काय आहे ते प्रत्येकीला कळलंय.

आता 'वेळ नाही' याबद्दल. मला वाटतं वेळ नाही हे अर्धं खरं आहे. घरात मी पंधरा मिनिटं मालिका बघत बसले तर कुणी काही बोलत नाही, कारण मालिका बघता बघता मी लसूण सोलत असते. दार लावून घोंगडीवर पडले तर मात्र पाच मिनिटांत दारावर थाप. "आई, माझा चार्जर?" "अगं, काही होतंय का तुला?" बाईनं नुसतं स्वतःच्या शरीरासाठी काही करावं, ज्यातून घरात कुणाच्या ताटात काही पडत नाही, हे आपल्या घरांना अजून पचत नाही. आणि आपल्यालाही पचत नाही, हे जास्त खरं. मी स्वतः पहिला महिना अपराध्यासारखी दार लावायची. जणू आत बसून एकटीच श्रीखंड खातेय! शेवटी जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं, सव्वासहा ते साडेसहा मी घरात नाही असं समजा. वर्गात दुपारी मी शिकवते, माझं स्वतःचं सकाळीच. धाकटा म्हणाला, "मग चहा?" त्याला चहा करायला शिकवलं. पहिला आठवडा कडू-गोड काहीही प्यायलो, आता बरा करतो.

सगळ्यांना हे जमेल असं मी म्हणणार नाही. आमच्या वर्गातली एक मुलगी, घरात दीर, सासरे, नवरा सगळे शेतावरून दुपारीच येणार, तिला साडेतीनलाही बाहेर पडता येत नाही. ती न्हाणीघरात, धुणं भिजवून ठेवून, भिंतीला टेकून करते. परवा देवळात भेटली तर कानाशी येऊन म्हणाली, "ताई, चाळीसपर्यंत गेले." मला आनंद व्हावा की वाईट वाटावं तेच कळेना. न्हाणीघरात चोरून करायची गोष्ट आहे का ही? त्यापेक्षा तिच्या सासऱ्यांशी कुणीतरी बोलायला हवं. पुढच्या गुरुवारी मी जाणार आहे, जाऊबाईंना घेऊन. बघू, दारात उभं करतात का.

वर्गात सध्या एकोणीस जणी येतात. गिरणीवाल्या काकूंना चार महिने झाले. त्रास बंद झालाय असं नाही, पण पुष्कळ कमी आहे, आणि मागच्या महिन्यात एसटीनं पंढरपूरला जाताना पाण्याची बाटली बरोबर घेतली आणि वाटेत प्यायल्या, हे त्यांनी मला मुद्दाम गिरणी थांबवून सांगितलं. सासूबाई अजून 'पुलाव'च म्हणतात. पण काल रात्री अंथरूण घालताना त्यांनी विचारलं, "ते आतनं ओढायचं म्हणतीस, ते बाहत्तराव्या वर्षी चालतंय का गं?"

म्हटलं, "चालतं. झोपा उताण्या."

दार लोटून घेतलं. "दारं कशाला लावतीस?" म्हणाल्या, "असू दे उघडं. गरम होतंय."